गारगोटीच्या पोटातलं पाणी

वाबळेबाई दगड चाटायच्या. हे आधीच सांगून टाकते. त्यांच्याविषयी कुणीही बोलायला लागलं की दुसऱ्या मिनिटाला हेच निघतं आणि मग हसण्यात बाकीचं राहून जातं. मी शिरूर तालुक्यातल्या त्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी शिक्षकखोलीच्या खिडकीशी एक बाई उभ्या होत्या. चापूनचोपून नेसलेली सुती साडी, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि हातातला काळा दगड चक्क जिभेला लावलेला. मी दारातच थबकले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाल्या, "ओला केल्याशिवाय रंग कळत नाही. आता पाण्यासाठी खाली नळावर कोण जाणार?" मग तोच दगड पदराला पुसून माझ्या हातात ठेवला. माझी ओळख नंतर विचारली.

त्या भूगोल शिकवायच्या आणि जोडीला विज्ञानाचे तासही घ्यायच्या. भूगोलाच्या शिक्षकाच्या पिशवीत नकाशे असतील असं आपल्याला वाटतं. बाईंच्या पिशवीत डबा, पाण्याची बाटली, गुडघ्याला चोळायचं तेल आणि चार-पाच दगड. एकदा एसटीच्या कंडक्टरनं मोठ्या आदरानं त्यांची पिशवी वर ठेवायला उचलली आणि तसाच वाकलेला राहिला. "काय भरलंय बाई?" असं त्यानं विचारलं, तेव्हा बाईंनी त्याला खाली बसवून एकेक दगड दाखवला. मागच्या दारानं दोन माणसं बिनतिकिटाची चढली.

दुसरी खोड म्हणजे टकटक करून बघणं. कलिंगड, माठ, नव्या बांधकामाची भिंत, कशावरही बोटाचं पेर आपटायचं आणि कान द्यायचा. मुख्याध्यापकांच्या टेबलावरही एकदा वाजवलं आणि "आत वाळवी आहे," असं सांगितलं. होतीच. आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "हातात घ्या, मग बोला." दगडाबद्दल ते ठीक आहे, पण बाई हे भाजीबद्दल, माणसांबद्दल आणि सरकारी परिपत्रकांबद्दलही म्हणायच्या. मला सुरुवातीला त्याचा वैताग यायचा. पुढं मीच ते वाक्य वर्गात वापरायला लागले, बाईंना न विचारता.

बाईंचा एक तास पंचक्रोशीत गाजलेला होता. आठवीला अग्निजन्य खडक हा धडा आला की बाई घरून स्टोव्ह, तवा आणि ज्वारीच्या पिठाचं भिजवण घेऊन यायच्या. वर्गात धिरडं घालायच्या. पीठ तव्यावर पसरलं की बुडबुडे यायचे, फुटायचे आणि मागं जाळी राहायची. "हा बघा लाव्हारस. ही त्यातली वाफ. वाफ गेली, भोक राहिलं. आपल्या पायाखालचा काळा खडक म्हणजे असलीच धिरडी, एकावर एक." नववीची पोरं सुद्धा खिडकीशी गर्दी करायची, कारण शेवटी ते धिरडं वाटून खायला मिळायचं.

मग बाई पिशवीतून फोडलेला दगड काढायच्या. बाहेरून काळाकुट्ट, शेणाच्या गोवरीसारखा दिसणारा, आणि आत पोकळी. त्या पोकळीच्या भिंतीला सगळीकडून लखलखणारे टोकदार खडे. गारगोटीचं घर. हे खडे आत कसे आले? बाई सांगायच्या की गुऱ्हाळात रस आटवतो, तापवतो, आणि गार होताना त्यात खडे धरतात. तसंच लाव्हारस उकळला, थंड झाला, आणि त्या भोकांत हे खडे धरले. आगीनं भोक पाडलं आणि आगीनंच ते सजवलं.

सगळी पोरं माना डोलवायची. उसाच्या भागातली पोरं ती. आमच्याकडं गोड किंवा चकचकीत काहीही व्हायचं असेल तर आधी चुलवणात जाळ घालावा लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पुस्तकात त्यावर एक ओळ होती, पोकळ्यांत खनिजे साचतात, एवढीच. ती कशी साचतात ते बाईंनी आपल्या पदरचं घातलं होतं. वर्षानुवर्षं तेच शिकवलं. आणि ते चूक होतं.

त्याचा उलगडा कवठे येमाई गावी झाला. आमच्या भागात रीतच पडली होती की विहीर खोदताना गारा, म्हणजे या गारगोट्या, लागल्या की बाईंना निरोप जायचा. कुणाचा ना कुणाचा मुलगा बाईंच्या हाताखालून गेलेला असायचाच. त्या दिवशी दत्ता नावाच्या जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला, बाई, मोठं घर लागलंय, फोडायच्या आधी या. शाळा सुटल्यावर मी त्यांना माझ्या स्कूटीवरून घेऊन गेले. छप्पन्न वर्षांची बाई पदर खोचून क्रेनच्या बादलीत बसली आणि चाळीस फूट खाली गेली. मी वरून नुसती देवाचं नाव घेत होते.

खाली भिंतीत आडव्या ठेवलेल्या माठाएवढी पोकळी होती. बाईंनी त्यात डोकं घातलं. एरवी त्या खालूनच ओरडून वर्णन करायच्या. या वेळी काहीच आवाज नाही. मी दोनदा हाका मारल्या. शेवटी एक तुकडा पदरात घेऊन त्या वर आल्या, तर चेहरा उतरलेला. मला वाटलं, चक्कर आली.

तुकडा मी पण बघितला. कडेला करड्या-पांढऱ्या रेघा होत्या, एकीच्या आत एक, आणि सगळ्यात आत खडे. पण तळाच्या बाजूला रेघा गोल नव्हत्या. सरळ, आडव्या, सपाट. हौदात पाणी साचून तळाला गाळ बसतो ना, तशा. बाई त्या सपाट रेघेवरून बोट फिरवत राहिल्या. "भोक गोल आहे. मग ही सपाट का?" हे त्या मला विचारत नव्हत्या.

क्रेनवरचा शिवाजी नावाचा माणूस बाजूला बिडी ओढत उभा होता. तो सहज बोलून गेला. "आमचा तुकाआप्पा म्हनायचा, हे पान्याचं घर हाय. पानी झिरपून झिरपून, बसून बसून झालेलं. त्यो आत नुस्तं बघायचा आन् सांगायचा, अजून किती हातावर पानी हाय त्ये." मग त्यानं सांगितलं की आप्पाची टोळी आता मोडली, सुरुंगांनी त्याचे कान गेले आणि तो दौंडला लेकीकडं असतो. लेक पिठाची गिरणी चालवते.

"मनीषा?" बाईंनी विचारलं.

"व्हय, मनीषाच," तो म्हणाला. ज्या बाईला गतिरोधक आला तरी त्याच्या खडीची जात सांगायची असते, तिनं परतीच्या वाटेवर एकाही दगडाचं नाव घेतलं नाही, तेव्हा मला काळजीच वाटली.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. त्याच तुकड्याचा फिकट गुलाबी, पापुद्रे सुटणारा एक खडा परीक्षानळीत टाकला आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. खडा पांढरा पडला, जरासा फुगला. आणि नळीच्या वरच्या थंड भागात, काचेला आतून, बारीक बारीक थेंब धरायला लागले. बाईंनी दिवा विझवला. नळी निवल्यावर आत करंगळी घालून बघितलं.

"ओलं आहे," त्या म्हणाल्या. "शुभांगी, भट्टीतून निघालेल्या विटेत पाणी असतं का गं?"

मी म्हटलं, कसं असेल?

"मग हा भट्टीतला नाही."

पुण्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एका जुन्या मैत्रिणीला त्यांनी फोन केला. ती हसली आणि म्हणाली, अगं, हे तर आम्हाला कधीपासूनचं माहीत आहे. आग फक्त भोक पाडते. मग खडक गार होतो, भेगा पडतात, त्यातून पाणी झिरपतं, कधी कढत, कधी थंड. जाता जाता ते खडकातलं काहीबाही विरघळवून आणतं आणि पोकळीच्या भिंतीवर पातळ थर ठेवून जातं. पुन्हा येतं, पुन्हा ठेवतं. आपल्या बोअरच्या पाण्यानं बंबाला आतून पांढरा थर धरतो, तसंच, फक्त हजारो-लाखो वर्षं. मधे जागा रिकामी राहते म्हणून खड्यांना टोकं काढायला वाव मिळतो. पाणी अजून येत राहिलं असतं तर पोकळी भरून गेली असती आणि नुसता गोटा झाला असता.

दुसरा कुणी असता तर पुढच्या वर्षापासून गुपचूप बरोबर शिकवायला लागला असता. मी तर तेच केलं असतं, खोटं कशाला सांगू? बाईंनी शंभर पानी वही काढली आणि आठवतील तेवढ्या जुन्या विद्यार्थ्यांची नावं लिहिली. आणि निघाल्या. माझ्या स्कूटीवरून.

तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात मेथी विकणारी एक मुलगी भेटली, दोन लेकरांची आई. बाईंनी जुडी हातात घेतली, तिच्या मुळांची माती बघितली आणि म्हणाल्या की आठवीत मी गारगोटीबद्दल सांगितलं ते चूक होतं, ती पाण्यानं होते. ती बिचारी घाबरून म्हणाली, "बाई, माझं काय चुकलं?" तिला समजावून सांगेपर्यंत तीन गिऱ्हाइकं परत गेली. मी लाजेनं पलीकडच्या लसणाकडं बघत उभी होते. एका पोलीस हवालदाराला त्यांनी चौकात शिट्टी वाजवता वाजवता सांगितलं. एकाच्या तर लग्नात, अक्षता पडल्यावर, स्टेजवर जाऊन. लोक म्हणायला लागले की निवृत्ती जवळ आल्यावर बाईंचं जरा फिरलं. मलाही तेव्हा तसंच वाटायचं, कबूल करते.

मग उसाच्या गळिताच्या दिवसांत आम्ही पाटसला गेलो. तिथल्या साखर कारखान्यात बाळासाहेब नावाचा त्यांचा विद्यार्थी प्रयोगशाळेत कामाला होता. न्हावरा, चौफुला करत, उसाच्या ट्रॉल्या चुकवत पोचायला माझी कंबर गेली. गेटवर निरोप दिला, तर तो पळत बाहेर आला. शाळेतून दोन बाया आल्यात म्हणजे कुणीतरी गेलं, असं त्याला वाटलेलं. बाईंनी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि मग डोकं खाजवत म्हणाला, "पण बाई, साखरसुद्धा पाण्यातूनच येते की. रस म्हणजे पाणीच. आम्ही फक्त ते आटवतो. खडा धरतो तो पाण्यात विरघळलेल्याचाच."

बाई जी हसायला लागल्या, की गेटवरचा वॉचमनही हसायला लागला. "म्हणजे उदाहरण बरोबर होतं! मीच जाळाकडं बघत बसले आणि रसाकडं बघितलंच नाही!" बाळासाहेबानं आम्हाला चहा पाजला आणि बाईंच्या पाया पडला.

चहाच्या टपरीवर मी सहज वही उघडली. पानंच्या पानं नावं, पुढं बरोबरच्या खुणा. फक्त पहिल्या पानावरचं पहिलं नाव कोरं. मनीषा.

दौंड तिथून हाकेवर. मी म्हटलं, चला, हेही उरकू. बाई म्हणाल्या, आज नको, पाय दुखतात. मी म्हटलं, पाय तर रोजच दुखतात. तेव्हा त्यांनी सांगितलं. पंचवीस वर्षांपूर्वी, धिरड्याच्या तासाला, मनीषानं हात वर केला होता. सारखा हात वर करणारी मुलगी होती ती. म्हणाली, न्हाई बाई, ते पाण्यानं होतं, माझं आप्पा म्हंत्यात. वर्ग हसला. नव्या नोकरीतल्या बाईंना ते झोंबलं. त्या म्हणाल्या, तुझे आप्पा विहिरी खोदतात, भूगोल शिकवत नाहीत. वर्ग आणखी हसला.

"त्यानंतर तिनं हात वर केला नाही," बाई म्हणाल्या. "वर्ष संपायच्या आत शाळाच सोडून गेली."

मला दया यायला हवी होती. आला राग. मी सरळ बोलले. सगळ्या तालुक्याला सांगत फिरलात बाई, बाजारात, लग्नात. जिला सांगायचं होतं तिला तेवढं सोडून. शिवाजीनं पत्ता दिलाय त्याला चार महिने झाले. माझा पगार बाईंच्या निम्मा आणि वय त्यांच्या मुलीचं, तरी बोलले. बाईंनी उरलेला चहा संपवला, कप खाली ठेवला आणि स्कूटीवर मागं जाऊन बसल्या.

दौंडला गिरणी सापडायला वेळ लागला नाही. लाइट गेलेली, त्यामुळं गिरणी बंद. चाळिशीकडं झुकलेली एक बाई गिरणीचा दगड उलटा टाकून छिन्नी-हातोडीनं त्याला टाकी लावत बसली होती. केसांवर, पापण्यांवर पीठ. दाराबाहेर बाजेवर एक वाळलेला म्हातारा. बाईंनी ओळख दिली. मनीषानं मान वर करून बघितलं, पाट पुढं सरकवला, बसा म्हणाली. आणि हातोडी चालू.

बाई बसल्या नाहीत. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी डोळ्यांवर घेतला.

"मनीषा, आठवीत तू म्हणाली होतीस की गारगोटी पाण्यानं होते. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं. आणि आप्पांबद्दल मी जे बोलले, ते तर माणूस म्हणून चुकलं."

चार-पाच टोले तसेच पडले. मग हातोडी थांबली.

"शाळा मी त्याच्यापायी न्हाई सोडली बाई," मनीषा म्हणाली. "आमची टोळी हालली, तवा सुटली. त्याचं मनाला लावून घेऊ नका." मग दगडाकडं बघत, "पर त्या दिशी घरी जाऊन मी आप्पांना म्हनले, तुमाला काय कळत न्हाई. आप्पा म्हनले, बाईचंच खरं धर. तवापासनं त्यांनी मला दगडाचं कवा काय सांगितलं न्हाई. त्याच्या आदी रोज सांगायचे."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. मी भिंतीकडं तोंड केलं. मनीषाच मग उठली, बाजेपाशी गेली आणि म्हाताऱ्याच्या कानाला तोंड लावून ओरडली.

"आप्पा, शाळंतल्या बाई आल्यात! म्हंत्यात, तुमचंच खरं व्हतं! गारगोटी पान्यानंच व्हती!"

आप्पांनी बाईंकडं निरखून बघितलं. चेहऱ्यावर ना राग ना आनंद. त्यांनी फक्त हात पुढं केला, तळवा वर करून. बाईंना कळलं. त्यांनी पिशवीतून कवठ्याच्या विहिरीतला तुकडा काढून त्या हातावर ठेवला. आप्पांनी तो उलटा केला, सुलटा केला, बोटाच्या पेरानं टकटक वाजवला, आणि उचलून जिभेला लावला.

मला हुंदका आला आणि हसूही.

"वल्ल्या घरातला हाय," आप्पा म्हणाले. बहिऱ्या माणसाचा असतो तसा मोठा आवाज. "ह्या सपाट रेघा बगा. हितं पानी थांबून ऱ्हायलेलं. हीर कुठली?" आणि मग ते सुरूच झाले. कुठल्या रंगाची गार लागली की पाणी जवळ, कोरडी धूळ असली तर जुनं पाणी कधीच निघून गेलेलं, कुठल्या घरावर सुरुंग लावायचा नाही. सांगताना ते बाईंकडं बघत नव्हते, लेकीकडं बघत होते. मनीषानं छिन्नी खाली ठेवली आणि बाजेच्या कडेला बसली. लाइट आली तरी गिरणी बराच वेळ बंदच राहिली.

वाबळेबाईंनी मला खूप दिलं. आज मी वर्गात काही चुकीचं सांगितलं आणि रात्रीतून कळलं, तर दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा तेच सांगते, "पोरांनो, काल माझं चुकलं." सुरुवातीला जीभ अडखळायची. आता पोरं वाट बघतात. आणि एखाद्या पोराच्या बोलण्याला बाकीची हसलीच, तर मी हसणाऱ्यांना गप्प करते, हात वर करणाऱ्याला नाही. हे मी कुठल्या डी.एड.-बी.एड.ला शिकले नाही. स्कूटीवर मागं दगडांची पिशवी घेऊन बसलेल्या बाईकडून शिकले आणि वर पेट्रोल माझं म्हणून कुरकुरले. तेवढं एक राहून गेलं, त्यांना कधी नीट म्हणाले नाही. म्हणून हे लिहायला बसले.

बाई त्यानंतर महिन्यातून एकदा दौंडला जात राहिल्या. निवृत्त झाल्या, पुढं आजारी पडल्या आणि दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांना दवाखान्यात बघितलेलं मला आठवायचं नाही. मला त्या दौंडच्या शेवटच्या खेपेतल्याच आठवायच्या आहेत.

त्या दिवशी त्यांना गिरणीपाशी सोडून मी बाजारात गेले होते. परत आले तर दारापुढच्या सावलीत सभा भरलेली. आप्पा बाजेवर, हातात दगड, मोठ्या आवाजात बोलतायत. मनीषा पिठाच्या हातानं त्यांच्या पायाशी. दळण घेऊन आलेल्या दोन बाया डबे मांडीवर घेऊन ऐकतायत. आणि खाली पोत्यावर, वही उघडून, वाबळेबाई.

त्यांना काहीतरी विचारायचं होतं. पण आप्पांना ऐकू येत नाही, ओरडून उपयोग नाही. ते आपल्याकडं बघेपर्यंत थांबायचं, हाच तिथला नियम. म्हणून चष्मा डोळ्यांवर घेतलेल्या, पंचवीसहून जास्त वर्षं भूगोल शिकवलेल्या बाई ताठ बसल्या होत्या आणि त्यांनी एक हात वर केला होता.

मी स्कूटी बंद केली आणि आप्पांचं लक्ष जाईपर्यंत तिथंच उभी राहिले.